यंत्रे आली, नोंदी कुठे आहेत?

सोलापुरात पक्षाघात आणि हृदयविकाराची चर्चा निघाली की मागणी ठरलेली असते: नवे सीटी, मोठे एमआरआय, आणखी एक कॅथलॅब. मागणी रास्तच आहे. करमाळ्याहून किंवा अकलूजहून निघालेला पक्षाघाताचा रुग्ण शंभराहून अधिक किलोमीटर कापून शहरात पोहोचतो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, हा हिशेब २००६ साली मांडला गेला. त्या हिशेबाने पाहिले तर अंतराचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पण या मागणीत एक मोठी उणीव राहून जाते. जिल्ह्यात रोज मेंदूचे सीटी होतात, एमआरआय होतात, इको होतात, अँजिओग्राफी होतात. रुग्ण बरा होऊन किंवा न होता घरी जातो, फिल्म कपाटात जाते, आणि यंत्राच्या संगणकावरची मूळ प्रतिमा जागा भरली की पुसली जाते. त्या प्रतिमेवरून ज्याचा अंदाज बांधला, तो माणूस तीन महिन्यांनी चालतो आहे की अंथरुणात आहे, हे प्रतिमेशेजारी कुठेच लिहिलेले नसते. म्हणून सोलापूरचा आग्रह आता असा हवा: सार्वजनिक पैशातून पुढचे यंत्र किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली घेण्याआधी, निदान तिच्याबरोबरच, पक्षाघात आणि हृदयविकाराच्या प्रतिमांची जिल्हा नोंदवही उभी राहिली पाहिजे. ती मूळ प्रतिमांसह हवी, वेळांसह हवी आणि ९० दिवसांनंतरच्या स्थितीसह हवी.

हे का हवे, ते सीटीच्या टेबलापासूनच पाहू.

'अंगावरून वारं गेलं' म्हणून आणलेल्या रुग्णाचा पहिला साधा सीटी एकाच मोठ्या प्रश्नासाठी असतो: रक्तस्राव आहे का? सीटीच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००, मेंदूचा करडा भाग ३५ ते ४० आणि पांढरा भाग २५ ते ३०च्या आसपास असतो. ताजे गोठलेले रक्त ५० ते ८० मध्ये येते, म्हणून ते पांढरे चमकते आणि सहज दिसते. अडचण उरलेल्या रुग्णांची असते. रक्तवाहिनी बंद पडून झालेल्या पक्षाघातात पहिल्या काही तासांत फरक फार बारीक असतो. त्या भागातले पाणी एक टक्क्याने वाढले की घनता दोन-अडीच एककांनीच उतरते. करड्या-पांढऱ्यातली सीमा पुसट होते, इन्सुला या मेंदूच्या आतल्या घडीची कडा हरवते, एवढीच खूण. ती पाहायला पडद्यावरची खिडकी, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दाखवायच्या घनतांचा पट्टा, अरुंद लागते: मध्य ३५ ते ४० आणि रुंदी ४०च्या आसपास. फिल्मवर मात्र नेहमी ८० रुंदीची खिडकी छापली जाते, आणि त्यात ही खूण विरून जाते.

जाडीचेही तसेच. मेंदूच्या मधल्या धमनीचा व्यास जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. आत अडकलेली गुठळी साध्या सीटीतही पांढऱ्या रेघेसारखी दिसू शकते. पण ५ मिलिमीटर जाडीच्या चकतीत, म्हणजे सीटीने घेतलेल्या मेंदूच्या एका आडव्या छेदात, ती शेजारच्या भागाशी सरासरी होऊन फिकी पडते. एक मिलिमीटरच्या चकत्यांत तीच स्पष्ट उमटते. यंत्र या बारीक चकत्या काढू शकते, बहुतेकदा काढतेही. पाठवली आणि छापली जाते ती जाड मालिका. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवला की नवे डॉक्टर फिल्म दिव्यासमोर धरतात, तिच्यावरून खात्री होत नाही, आणि सीटी पुन्हा काढला जातो. पैसा जातोच, पण त्याहून मोलाची मिनिटे जातात. बारीक मालिका डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या मूळ डिजिटल स्वरूपात रुग्णाबरोबर, किंवा त्याच्या आधी, पुढे पाठवणे हा उपचाराचाही प्रश्न आहे आणि संशोधनाचाही. उपचाराला जे लागते तेच नोंदवहीला लागते, म्हणून ही दोन वेगळी कामे मानण्याची गरज नाही.

गेल्या तीस वर्षांत पक्षाघाताचे उपचार बदलले ते बरेचसे प्रतिमांच्या अभ्यासामुळे. १९९५ साली गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांत दिल्यास उपयोग होतो हे सिद्ध झाले. २००८ साली मर्यादा साडेचार तासांवर गेली. २००० साली कॅनडातल्या कॅल्गरीच्या गटाने मधल्या धमनीच्या प्रदेशाचे दहा भाग पाडून, जेवढे भाग बाधित तेवढे गुण वजा करण्याची ॲस्पेक्ट्स पद्धत दिली. २०१५ साली पाठोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी तारेच्या जाळीने गुठळी ओढून काढण्याचा उपचार पक्का केला. आणि २०१८ साली डॉन व डिफ्यूज-३ या चाचण्यांनी घड्याळाची हद्दच मोडली: प्रतिमेत वाचवण्याजोगा मेंदू दिसत असेल तर निवडक रुग्णांत अनुक्रमे २४ आणि १६ तासांपर्यंत गुठळी काढण्यात अर्थ आहे. त्याच वर्षी, झोपेतून उठताना पक्षाघात लक्षात आलेल्या रुग्णांत, एमआरआयच्या दोन मालिकांतल्या फरकावरून औषध देता येते हेही दिसले.

मेंदू वाचेल का, याचे उत्तर घड्याळाऐवजी प्रतिमेतून घ्यायचे ठरले, तिथेच प्रतिमेचा उंबरठा कोणावर ठरवला हा प्रश्न कळीचा झाला. डिफ्यूज-३ मध्ये मेलेला गाभा ७० मिलिलिटरपेक्षा कमी, धोक्यातला एकूण भाग त्याच्या किमान १.८ पट आणि वाचवण्याजोगा भाग किमान १५ मिलिलिटर, असे निकष होते. गाभा म्हणजे रक्तप्रवाह निरोगी बाजूच्या ३० टक्क्यांखाली उतरलेला भाग. धोक्यातला भाग म्हणजे जिथे रक्त पोहोचायला सहा सेकंदांहून जास्त उशीर होतो तो. ही चाचणी अमेरिकेतल्या केंद्रांवर झाली. निकष चांगले आहेत, पण ते जसेच्या तसे सोलापुरात बसतील असे गृहीत धरायला आधार नाही. याची कारणे भावनिक नाहीत, शारीरिक आहेत.

पहिले कारण कवटीच्या आतल्या धमन्यांचे जुनाट अरुंदीकरण. युरोपीय वंशाच्या लोकांत गुठळी बहुधा हृदयातून किंवा मानेतल्या धमनीतून सुटून येते. आशियाई लोकांत कवटीच्या आतल्या धमनीतच चरबीचा थर साचून ती चिंचोळी होण्याचे प्रमाण जास्त आहे. अशा जुन्या चिंचोळ्या धमनीपलीकडे रक्त एरवीही उशिरानेच पोहोचते, आणि आडवाटेच्या रक्तवाहिन्यांनी मेंदू जगत असतो. संगणक प्रणालीला मात्र सहा सेकंदांचा उशीर दिसतो आणि ती त्या सगळ्या भागाला धोक्यातला म्हणून रंगवते. रंगीत नकाशा पाहून रुग्णाला पुण्याला किंवा हैदराबादला धाडायचे की इथेच औषधांवर ठेवायचे, हा निर्णय कुटुंबाच्या वर्षभराच्या कमाईचा असतो. तो उंबरठा आपल्या रुग्णांवर तपासलेला नसणे ही छोटी उणीव नाही.

दुसरे कारण रक्तक्षयाचे, आणि याची चर्चा फारच कमी होते. सीटीवर रक्त पांढरे दिसते ते प्रामुख्याने हिमोग्लोबिनमुळे. हिमोग्लोबिन आठ-दहाच्या खाली गेलेल्या रुग्णात ताजा रक्तस्रावही मेंदूच्याच छटेचा दिसू शकतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यातल्या बहुतेकींचे हिमोग्लोबिन इतके खाली नसते, पण असते त्यांची संख्या इथे थोडी नाही. याच वयात, विशेषतः बाळंतपणानंतर, मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा आजार येतो, आणि तो भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो. शिरेतली गुठळी साध्या सीटीवर ओळखायची ती तिच्या घनतेवरून. रक्तक्षयी बाळंतिणीत ती घनता कमीच असते. उलट उन्हाळ्यात शरीरातले पाणी आटलेल्या माणसात सगळ्याच शिरा घट्ट, पांढऱ्या दिसतात आणि नसलेली गुठळी असल्याचा भास होतो. एप्रिल-मेच्या सोलापूरच्या उन्हात दुसरी शक्यता पुस्तकी राहत नाही. उपाय साधा आहे: घनतेचा आकडा रुग्णाच्या हिमॅटोक्रिटच्या, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाच्या, शेजारी मांडून वाचायचा. पण त्या जोडीचे आपल्या लोकांतले उंबरठे ठरवायला दोन्ही आकडे एकत्र नोंदलेले हवेत. आज सीटी एका इमारतीत असतो आणि रक्ताचा अहवाल दुसऱ्या.

तिसरे, आपल्याकडे मेंदूत जुने चुन्याचे ठिपके असलेली माणसे बरीच भेटतात. फीतकृमीच्या पुटकुळ्या आणि क्षयाच्या गाठी बऱ्या झाल्यावर मागे ठेवतात ते ठिपके. परक्या देशातल्या सीटींवर शिकलेली प्रणाली अशा ठिपक्याला रक्त समजू शकते. चौथे, संधिवाती तापाने बिघडलेली हृदयाची झडप. तिच्यामुळे तरुण वयात हृदयाची लय बिघडते, डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी होते आणि मेंदूत जाते. अशा रुग्णाच्या हृदयाचे ठोके अनियमित, पंपिंग कमी. मग प्रवाहमापन सीटीत, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन मेंदूतला रक्तप्रवाह मोजणाऱ्या चित्रणात, रंगद्रव्य उशिरा पोहोचते, चित्रण ६० सेकंदांतच थांबवले तर आलेख अर्धाच राहतो आणि गाभा खऱ्यापेक्षा मोठा मोजला जातो. म्हणजे वाचू शकणारा रुग्ण 'आता उपयोग नाही' या रकान्यात जातो.

हृदयाकडे वळले तर तीच गोष्ट आणखी उघड दिसते. हृदयाच्या धमन्यांतला चुना मोजायची अगॅटस्टन पद्धत १९९० सालची आहे. १३० एककांवरची घनता असलेला प्रत्येक ठिपका मोजायचा, त्याच्या क्षेत्रफळाला घनतेनुसार एक ते चारने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची. रंगद्रव्य लागत नाही, किरणोत्सर्ग साधारण एक मिलिसिव्हर्ट. आलेला आकडा 'तुमच्या वयाच्या लोकांत तुम्ही कुठे' या तक्त्याशी ताडून पाहतात. सर्वाधिक वापरला जाणारा तक्ता अमेरिकेतल्या मेसा अभ्यासाचा: ६,८१४ माणसे, वय ४५ ते ८४, आणि चार गट, म्हणजे गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व चिनी वंशाचे. दक्षिण आशियाई माणूस त्या तक्त्यात नाही. ती उणीव भरायला तिथल्याच संशोधकांनी २०१० पासून मसाला हा अभ्यास सुरू केला. त्यात सुरुवातीला ९०६ दक्षिण आशियाई होते, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आणि शिकागोत राहणारे. माग चालवणारा, विड्या वळणारी, उसाच्या फडात राबणारा, तंबाखू मळणारा माणूस त्यातही नाही.

वयाचाही प्रश्न आहे. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियात पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे सरासरी वय ५३ आले, इतर देशांत ते ५८.८ होते. झटका चाळिशीत येणार असेल तर ४५ पासून सुरू होणारा तक्ता उशिराच उघडतो. शिवाय तरुण धमनीतला थर अनेकदा मऊ असतो, त्यात चुना अजून बसलेला नसतो. 'चुना शून्य, काळजी नको' हे साठीच्या माणसाला बऱ्याच अंशी खरे आहे. अडतिशीच्या, तंबाखू खाणाऱ्या, मधुमेही माणसाला ते तितक्या खात्रीने सांगता येत नाही. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये हा स्कोअर ज्या आत्मविश्वासाने वाचून दाखवला जातो, तो थांबला पाहिजे.

हातात मावणाऱ्या इको यंत्राबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. संधिवाती झडपेचा आजार शाळेतच पकडायचा तर ते यंत्र उत्तम, पण इकोही सोनोग्राफीच, आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते. तो कायदा महाराष्ट्रात सैल करावा असे कोणीही म्हणू नये. फक्त हृदय पाहणाऱ्या प्रोबपुरती (प्रोब म्हणजे अंगावर फिरवायचा भाग), बंदिस्त सॉफ्टवेअरची, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या ताब्यातली व्यवस्था कायद्याच्या चौकटीत बसवता येईल का, हा विचार मात्र शासनाने करायला हवा.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. 'नोंदवही कशाला, प्रणाली विकत घ्या, ती सगळे सांगेल,' हा युक्तिवाद प्रशासनात लवकर पटतो. या क्षेत्रात भारतीय काम उत्तम झालेले आहे. मुंबईच्या क्युअर-एआयने देशातल्या सुमारे वीस केंद्रांवरचे तीन लाखांहून अधिक मेंदूचे सीटी वापरून प्रणाली शिकवली, २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले, आणि ४९१ सीटींचा तपासणी-संच सर्व संशोधकांना खुला केला. अभिमान वाटावा असे काम आहे. पण ती प्रणाली रक्तस्राव, कवटीचा तडा, मेंदूचा मध्य सरकणे, दाब अशा गोष्टी ओळखायला शिकली. हा रुग्ण तीन महिन्यांनी चालेल का, याचे उत्तर त्या प्रतिमांबरोबर नव्हतेच, म्हणून ते ती शिकू शकत नाही. कोणतीही प्रणाली शिकवलेल्या प्रश्नापलीकडे जात नाही.

दुसरी गोष्ट गणिताची. समजा, प्रणाली शंभर रक्तस्रावांतले ९५ पकडते आणि रक्तस्राव नसलेल्या शंभरांत ९० वेळा 'नाही' असे बरोबर सांगते. जिथे शंभरांत ३० जणांना रक्तस्राव असतो अशा अपघात विभागात तिने 'आहे' म्हटले तर ते सुमारे ८० टक्के वेळा खरे निघेल. तीच प्रणाली डोकेदुखीचे रुग्ण जास्त येणाऱ्या, शंभरांत दहाच रक्तस्राव असलेल्या केंद्रात लावली, तर तिचा 'आहे' जवळपास निम्म्या वेळा खोटा ठरेल. यंत्र बदललेले नाही, गाव बदलले आहे. आपल्या केंद्रात शंभरांत किती, हे माहीत नसताना प्रणाली घेणे म्हणजे तिचे उत्तर वाचता येत नसताना तिला प्रश्न विचारणे होय. ते प्रमाण नोंदीतूनच कळते.

कोणी म्हणेल, असे संशोधन मुंबई-दिल्लीच्या संस्थांनी करावे, जिल्ह्याच्या गावी ते झेपणारे नाही. याला उत्तर देण्यासाठी सोलापूरला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. देशातली पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांतली गावे तिने घेतली. ग्रामीण भागात रुग्ण रुग्णालयातच येत नाही, म्हणून नुसत्या रुग्णालयांच्या वह्या चाळून उपयोग नव्हता. कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, संशयित रुग्णांना तपासणीला आणले, मृत्यूची माहितीही गावातूनच गोळा केली. त्या पायावर पुढे मोठे संशोधन उभे राहिले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा तिचा निष्कर्ष २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला आणि जगभरच्या तपासणी धोरणांत त्याचा आधार घेतला गेला.

त्यात महागडे यंत्र हे बळ नव्हते. कोणती बाई कोणत्या गावची, तिची तपासणी कधी झाली, आठ वर्षांनी ती कशी आहे, हे न चुकता लिहिले गेले, हे बळ होते. कर्करोगासाठी बार्शीने जे करून दाखवले ते मेंदू आणि हृदयासाठी सोलापूरने का करू नये? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पक्षाघाताच्या लोकसंख्याधारित नोंदणीसाठी कटक, तिरुनेलवेली, कोटा, वाराणसी आणि काछाड ही ठिकाणे घेतली. त्यात महाराष्ट्रातले एकही नाही. या जिल्ह्याचा दावा रास्त आहे, आणि आसपासच्या धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूरचे रुग्णही इथेच येतात.

नोंदवही नेमकी कशी असावी? १९६३ पासून चालत आलेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे तिचे स्वाभाविक घर आहे. तिथे क्ष-किरणशास्त्र, औषधवैद्यक आणि जनऔषधवैद्यक हे तिन्ही विभाग एका छताखाली आहेत. खासगी आणि सहकारी रुग्णालये, तसेच स्कॅन केंद्रे करार करून जोडावीत.

प्रत्येक रुग्णामागे चार क्षणांच्या वेळा लिहिल्या पाहिजेत: शेवटचे ठीक पाहिले ती वेळ, रुग्णालयाच्या दारात आल्याची वेळ, सीटीच्या पहिल्या चकतीची वेळ, आणि औषधाच्या सुईची वेळ. पहिली वेळ सर्वात जास्त चुकते. 'सकाळी झाले' असे लिहून चालत नाही. सकाळी पडलेला दिसला, पण रात्री दहाला जेवून बोलून झोपला होता, तर वेळ रात्री दहाचीच. भोंग्याची वेळ, दूध घालायची वेळ, एसटीची वेळ अशा खुणा धरून विचारले की नातेवाईक नेमके सांगतात. दुसरी चूक घड्याळांची. दारावरचे घड्याळ, परिचारिकेचा मोबाइल आणि सीटीचा संगणक यांत फरक असतो, आणि सीटीचे घड्याळ सहसा सेवा अभियंत्याशिवाय बदलता येत नाही. ते बदलू नये. दर सोमवारी मोबाइल नेटवर्कच्या वेळेशी ताडून फरक वहीत लिहावा, म्हणजे नंतर दुरुस्ती करता येते.

प्रतिमांत साध्या सीटीची एक मिलिमीटरची मालिका हवीच. शक्य तिथे महाधमनीच्या कमानीपासून डोक्याच्या शेंड्यापर्यंतची सीटी अँजिओग्राफी. तिच्यासाठी १८ गेजची जाड सुई, उजव्या कोपराच्या शिरेत. ६० ते ८० मिलिलिटर रंगद्रव्य, सेकंदाला ४ ते ५ मिलिलिटर. मनगटाच्या मागे २२ गेजची बारीक सुई लावून आणलेल्या रुग्णात हा वेग गाठता येत नाही, धमन्या फिक्या येतात आणि गुठळी आहे की रंगद्रव्यच पोहोचले नाही हे कळत नाही. रुग्णाच्या डाव्या हातातून दिले तर घट्ट रंगद्रव्य छातीतल्या शिरेत साचून कमानीजवळचे चित्र बिघडते. तालुक्याच्या रुग्णालयातून निघतानाच सुई नीट लावली तर ही अडचण संपते. १०८ रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांना एवढे एक वाक्य शिकवावे. साखरेचा आकडा, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट त्याच पानावर हवेत. वाटेत जिभेखाली औषध देऊन रक्तदाब झपकन उतरवला असेल तर तेही लिहिले पाहिजे, कारण त्याने मेंदूतला मेलेला गाभा वाढू शकतो आणि मग सीटीचा अर्थ बदलतो.

साठवणीची भीती दाखवली जाते, ती निराधार आहे. ५१२ बाय ५१२ची एक चकती सुमारे अर्ध्या मेगाबाइटची. १६० चकत्यांचा डोक्याचा सीटी ८० मेगाबाइट, सहाशे चकत्यांची अँजिओग्राफी ३०० मेगाबाइट. हजार रुग्णांचे मिळून ४०० गिगाबाइटही होत नाहीत. चार टेराबाइटच्या दोन डिस्क, एक इथे आणि एक दुसऱ्या इमारतीत, कित्येक वर्षे पुरतील.

खरे अवघड काम ९० दिवसांनंतरचे आहे. पक्षाघातानंतरचे परावलंबन मोजणाऱ्या रँकिन मापकावर शून्य म्हणजे काहीच लक्षण उरले नाही, सहा म्हणजे मृत्यू. आधाराशिवाय चालतो का, आंघोळ-जेवण स्वतः करतो का, पूर्वीचे काम पुन्हा सुरू केले का, एवढ्या प्रश्नांत फोनवर तो आकडा काढता येतो. फोन करणारी व्यक्ती मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी हवी. शहराच्या पूर्व भागातल्या घरांत आजीशी तेलुगूत बोलल्याशिवाय खरे उत्तर मिळत नाही. फोन बंद लागला तर आशाताईंमार्फत गावात निरोप जावा, आणि त्या कामाचे मानधन त्यांना मिळावे. हा आकडा नसलेली प्रतिमा संशोधनाला निम्म्याहून कमी उपयोगाची.

ज्यांचा सीटी झालाच नाही, वाटेत गेले किंवा पैशाअभावी घरी नेले, त्यांचीही ओळ वहीत असली पाहिजे. नाहीतर जे पोहोचले आणि ज्यांना परवडले त्यांच्याच प्रतिमा जमतील, आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष जिल्ह्याचे म्हणून खपवले जातील. एमआरआयच्या बाबतीत हा धोका सर्वात मोठा आहे. आणखी एक तांत्रिक खबरदारी: एकाच रुग्णाचे पहिल्या दिवसाचे आणि तिसऱ्या दिवसाचे सीटी, एक शिकवण्याच्या संचात आणि एक तपासणीच्या संचात गेले, की प्रणाली खोटी हुशार दिसते. वाटणी रुग्णानुसार करायची, सीटीनुसार नाही.

खासगीपणाचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला कामातून उत्तर द्यावे लागेल. डायकॉम फाइलच्या माथ्यावर नाव, वय, रुग्णालय असते. ते पुसणे सोपे. किरणोत्सर्गाच्या मात्रेच्या अहवालाच्या पानावर नाव चित्रातच छापलेले असते, ते राहून जाते. आणि एक मिलिमीटरच्या चकत्यांतून चेहरा त्रिमितीत पुन्हा उभा करता येतो, म्हणून संशोधनाला देण्याआधी चेहऱ्याचा भाग पुसावा लागतो. पत्ता तालुक्यापर्यंतच ठेवावा. नोंदक्रमांक आणि नाव जोडणारी वही वेगळ्या खोलीत, एका जबाबदार व्यक्तीकडे. २०२३चा वैयक्तिक डिजिटल विदा कायदा आणि आयुर्विज्ञान परिषदेची त्याच वर्षीची कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे, दोन्ही समोर ठेवून नीतिसमितीने नियम लिहावेत. कंपनीला संच द्यायचा झाला तर त्यातून तयार झालेली प्रणाली जिल्ह्याच्या सार्वजनिक रुग्णालयांना विनाशुल्क मिळेल, ही अट करारात पहिल्याच पानावर हवी. इथल्या विडी कामगाराच्या मेंदूची प्रतिमा फुकट देऊन तिच्यावरच शिकलेली प्रणाली त्याच्याच उपचारासाठी विकत घेणे हा अन्याय होईल.

'आधी उपचार, मग संशोधन' हा आक्षेप सर्वात सहानुभूतीचा आहे, पण त्यातली फारकतच चुकीची आहे. हिमाचल प्रदेशाने डोंगराळ जिल्ह्यांत मेंदूविकारतज्ज्ञ नसताना जिल्हा रुग्णालयाच्या फिजिशियनकडून गुठळी विरघळवणारे औषध मोफत देणे सुरू केले. सीटीच्या प्रतिमा मोबाइलवर तज्ज्ञाकडे जात, सल्ला तिथून येई. प्रतिमा पाठवायची, वेळ लिहायची आणि रुग्णाचे पुढे काय झाले ते कळवायचे ही सवय लागली की उपचार आणि नोंद एकाच हालचालीत होतात. पंढरपूर, बार्शी, अकलूज आणि सांगोल्याला हे आज करता येण्यासारखे आहे. सीटी जिथे आहे तिथे फिजिशियन आहे, आणि गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेससारखे औषध एकाच टोचणीत देता येते, तासभराची सलाइन लागत नाही.

सुरुवात एका आजाराने करावी: २४ तासांच्या आत आलेला प्रत्येक नवा पक्षाघात, १८ वर्षांवरचा, सिव्हिल आणि तयार असलेली दोन-तीन खासगी रुग्णालये. हृदयाचा चुना आणि इको दुसऱ्या वर्षी. एक प्रशिक्षित नोंदलेखक, एक फोन करणारी परिचारिका, अर्धवेळ संगणकतज्ज्ञ, आणि दर महिन्याला तासभर बसून चुकलेल्या ओळी तपासणारे दोन डॉक्टर. दर सहा महिन्यांनी तालुकानिहाय तक्ता जिल्हा परिषदेसमोर आणि वर्तमानपत्रांसमोर ठेवावा: किती रुग्ण, शेवटचे ठीक पाहिल्यापासून दारापर्यंत मधली वेळ किती, दारापासून सीटीपर्यंत किती, किती जणांना औषध मिळाले, तीन महिन्यांनी किती जण स्वतःच्या पायावर चालत आहेत. पुढचे सीटी यंत्र कोणत्या तालुक्याला द्यायचे हे जिल्हा नियोजन समितीने त्या तक्त्यावरून ठरवावे, आणि यंत्राच्या निविदेत बारीक चकत्या डायकॉममध्ये बाहेर पाठवण्याची आणि पाच वर्षे जपण्याची अट घालावी.